दह्याच्या जंतूपासून औषधाच्या पुडीपर्यंत

लहान मुलाला जुलाब लागले आणि दवाखान्यात नेलं, की हल्ली चिठ्ठीवर ओआरएसच्या पुडीबरोबर आणखी एक पुडी नाहीतर छोटीशी बाटली असते. मेडिकलवाला सांगतो, "यात पोटातले चांगले जंतू आहेत, द्या बाळाला." मोठ्या माणसाला अँटिबायोटिकच्या गोळ्यांबरोबर एक कॅप्सूल मिळते, तिच्यातही तेच. या औषधाला प्रोबायोटिक म्हणतात. मजुरीच्या पैशातून ते घ्यायचं, तर दोन प्रश्न विचारायलाच हवेत. त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि त्याच्यापासून काही अपाय तर नाही ना? हे प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. त्यांची उत्तरं शोधताना मोठमोठे शास्त्रज्ञही वाट चुकले. तीच हकिगत आज सांगणार आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये होते, पाश्चर यांच्या संस्थेत. त्या काळी जंतू म्हणजे रोग, एवढंच लोकांना ठाऊक झालं होतं. कॉलऱ्याचा जंतू सापडला, क्षयाचा सापडला, आणि जंतू म्हटलं की मारायचा अशी समजूत झाली. १८९९-१९०० च्या सुमारास याच संस्थेतल्या आंरी तिसिए या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांची शी तपासली. अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळांच्या पोटात त्यांना एका जातीचे जंतू भरपूर दिसले. जुलाब झालेल्या बाळांत ते कमी होते. म्हणजे काही जंतू आपल्या पोटात राहतात ते घरच्यासारखे, हे तेव्हा कळायला लागलं. पुढे असंही समजलं, की आईच्या दुधात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या या जंतूंचं खाद्य आहेत. बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचाही स्वयंपाक आईचं अंग करतं, म्हणा ना.

त्याच संस्थेत एल्या मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ काम करत होते. माणूस विलक्षण हुशार. १८८२ साली सिसिली बेटावर असताना त्यांनी तारामाशाच्या पिल्लाच्या अंगात बारीक काटा टोचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू धरतो, त्यामागेही अशाच पेशींची धावपळ असते. शरीर जंतूंशी कसं लढतं, याचा मोठा धागा त्यांना तिथे मिळाला. या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते दह्यासाठी मिळालेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. जाहिरातीत या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

दह्याकडे ते वळले म्हातारपणाच्या विचारातून. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, तिथले जंतू विष तयार करतात आणि त्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्यांचं मत झालं. दूध आंबवलं की ते कुजत नाही, मग आंबट दुधातला जंतू पोटात गेला तर तिथलं कुजणंही थांबेल, असा त्यांचा हिशेब होता. स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात आपल्या देशच्या दह्यातला जंतू ओळखला होता. बल्गेरियात शंभरी गाठलेले लोक खूप आहेत आणि ते रोज दही खातात, ही माहितीही मेचनिकोव्ह यांना त्याच्याकडूनच मिळाली.

आता इथे जरा थांबू या. ज्या खेड्यात जन्माची नोंदच नाही, तिथल्या म्हातारीचं वय कोण सांगणार? आपल्याकडेही "मोठ्या दुष्काळाच्या साली जन्मले" असं सांगणाऱ्या आज्या होत्या, आणि घरातल्यांनी कौतुकाने वयात दहा-वीस वर्षं घातलेली असायची. शिवाय ती माणसं शेतात राबत होती, साधं जेवत होती. दीर्घ आयुष्य दह्यामुळे, का कष्टामुळे, का नुसत्या मोजण्यातल्या चुकीमुळे, हे वेगळं करून कोणी पाहिलंच नव्हतं.

पण १९०४ सालच्या भाषणात मेचनिकोव्ह म्हातारपणावर बोलले, आणि पॅरिसमध्ये दह्याला मागणी आली. औषधाच्या दुकानांत दही मिळू लागलं, दह्याच्या जंतूंच्या गोळ्या निघाल्या, कंपन्यांनी त्यांच्या नावाचा फायदा घेतला. त्यांनी स्वतः लिहिताना पुष्कळ सावधपणे लिहिलं होतं, लोकांनी मात्र तेवढं वाचलं नाही. याच 'आतड्यातल्या विषा'च्या कल्पनेपायी लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे शल्यचिकित्सक बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढू लागले. कित्येकांच्या पोटावर अशी सुरी चालली आणि त्यातून माणसंही दगावली. दह्याने कोणाचं वाईट झालं नसेल, पण न तपासलेल्या कल्पनेने झालं. मेचनिकोव्ह रोज आंबट दूध घेत होते. १९१६ साली ७१ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

पुढे १९२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिओ रेटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बल्गेरियाचा तो प्रसिद्ध जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. वाटेतच मरतो नाहीतर निघून जातो. इतकी वर्षं लोक त्याच्या गोळ्या घेत होते.

म्हणून दुसऱ्या जंतूंचा शोध सुरू झाला. जर्मनीत आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ साली अशा एका सैनिकाच्या पोटातून जंतू काढला, ज्याच्या आजूबाजूच्यांना हगवण लागली आणि त्याला लागली नाही. फ्रान्सचे आंरी बुलार १९२० च्या सुमारास आजच्या व्हिएतनाम भागात होते. कॉलऱ्याची साथ होती आणि तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली चघळत होते. त्या सालींवरून त्यांनी एक यीस्ट वेगळं केलं, ते आजही पुड्यांतून आणि कॅप्सूलमधून मिळतं. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली पोटातल्या आम्लात टिकून राहणारा जंतू निवडला आणि १९३५ पासून त्याचं 'याकुल्ट' नावाचं पेय विकायला आलं. १९६३ पासून तिथे बायका घरोघर जाऊन ते विकू लागल्या. बचत गटाच्या बायकांनी हा भाग ऐकून ठेवावा, कारण विश्वासाच्या बाईने दारात येऊन दिलेली वस्तू लोक पटकन घेतात. वस्तू चांगली असो की नसो.

या सगळ्यांत एक उणीव राहिली होती. औषध घेतलं आणि बरं वाटलं, म्हणजे औषधाने बरं वाटलं, असं आपण धरून चालतो. पण मुलाचे साधे जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच थांबतात. मग पुडीने काय केलं? हे कळायला एकच खात्रीची रीत आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रोग्यांचे दोन गट करायचे. एका गटाला जंतूंची पुडी द्यायची आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, पण जंतू नसलेल्या साध्या पावडरीची. कोणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही माहीत नको, देणाऱ्यालाही नको. शेवटी मोजायचं. अर्थात रोग्याला किंवा आईबापांना आधी सगळं समजावून त्यांची संमती घ्यायची.

२००१ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांनी बोलावलेल्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली. जंतू जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि त्यांनी घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा होतो असं दिसायला हवं. ही तिसरी अट फार मोलाची. फायदा दाखवता आला नाही तर ते नुसते जंतू, प्रोबायोटिक नव्हे.

आणि मग हॉलंडमधली ती गोष्ट घडली. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेले रोगी फार आजारी असतात. त्यांच्या आतड्यातले जंतू रक्तात शिरून जीव धोक्यात येतो. तिथे चांगले जंतू दिले तर वाईटांना जागा मिळणार नाही, असं डॉक्टरांना वाटलं. कल्पना ऐकायला किती बरोबर वाटते पाहा. १५ रुग्णालयांनी मिळून २००४ ते २००७ या काळात प्रयोग केला. नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीवाटे सहा जातींचे जंतू देण्यात आले. २००८ साली निकाल छापून आला. जंतू मिळालेल्या १५२ रोग्यांपैकी २४ दगावले होते. साधी पावडर मिळालेल्या १४४ पैकी ९. जंतुसंसर्ग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच झाला. आणि जंतू दिलेल्या गटात ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला, दुसऱ्या गटात असा एकही नव्हता.

सगळे हादरले. तोपर्यंत प्रोबायोटिक म्हणजे दह्यासारखीच निरुपद्रवी चीज, उपयोग झाला तर झाला, नाहीतर अपाय काहीच नाही, असं डॉक्टरही म्हणत होते. त्या प्रयोगाची सरकारी चौकशी झाली आणि त्याच्या देखरेखीवर टीकाही झाली. पण मला वाटतं, दोन गट करून मोजलं नसतं तर तो धोका कधी कळलाच नसता. रोगी मुळातच फार आजारी होते, असं म्हणून प्रत्येक घरचे रडून गप्प बसले असते आणि नळीतून जंतू देणं चालूच राहिलं असतं.

आता आपल्या घरातल्या मुलाकडे येऊ. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत जुलाब-उलट्या झाल्यामुळे रुग्णालयात आणलेल्या मुलांवर असेच दोन मोठे प्रयोग छापून आले. अमेरिकेत ९७१ मुलं होती, कॅनडात ८८६. पाच दिवस दोन वेळा जंतूंची पुडी दिली. अमेरिकेत पुडी मिळालेल्या मुलांचे जुलाब साधारण ५० तास चालले आणि साध्या पावडरीच्या मुलांचे ५१ तास. एका तासाचा फरक म्हणजे फरक नाहीच. कॅनडातही फायदा दिसला नाही. २०२० साली एका आंतरराष्ट्रीय गटाने जगभरचे ८२ अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हाही दोन दिवसांहून जास्त चालणारे जुलाब पुडीमुळे फारसे कमी होतात असं दिसलं नाही.

जुलाब होऊच नयेत म्हणून रोज दिलं तर? हे कोलकात्यातल्या झोपडपट्टीत पाहिलं गेलं. एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांपैकी निम्म्यांना ते जपानी पेय आणि बाकीच्यांना साधं पौष्टिक पेय १२ आठवडे रोज दिलं, आणि २४ आठवडे लक्ष ठेवलं. जंतूंच्या पेयाच्या गटात ६०८ मुलांना जुलाब झाले, दुसऱ्या गटात ६७४ मुलांना. अभ्यासकांनी सगळा हिशेब लावून हे संरक्षण शंभरात १४ एवढं मांडलं. २०११ साली हे छापून आलं. फायदा आहे, खोटं कशाला बोला. पण प्रत्येक मुलाला बारा आठवडे रोज विकतची बाटली, एवढ्या खर्चात वस्तीला स्वच्छ पाण्याचा नळ आणि संडास किती मिळतील, हा हिशेब मला तरी आधी सुचतो.

सगळ्यात मोठी आशेची बातमी आपल्याच देशातून, ओडिशाच्या खेड्यांतून आली. नवजात बाळाला होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे बाळ दूध ओढेनासं होतं, थंड पडतं, धापा टाकतं, तो आपल्याला माहीत आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांकरवी घरी जाऊन अशा बाळांवर इलाज केला आणि त्याने बाळमृत्यू किती घटतात ते १९९९ साली जगाला दाखवलं. ओडिशात डॉ. पिनाकी पाणिग्रही यांना हा आजार होण्याआधीच अडवायचा होता. त्यांनी वर्षानुवर्षं एकेक जंतू पारखला. बाळाच्या आतड्यात कोण टिकतो, कोण वाईट जंतूंना अडवतो, ते पाहिलं. शेवटी एक निवडला आणि त्याला खाद्य म्हणून एका जातीची साखर जोडली.

१४९ गावांतली ४,५५६ बाळं प्रयोगात होती. ही बाळं निवडतानाच अट घातली होती. वजन निदान दोन किलो, ३५ आठवडे पूर्ण झालेली, अंगावर पिणारी, आजाराची खूण नसलेली. जन्मानंतर दोन-चार दिवसांत सुरुवात करून सात दिवस रोज एक मात्रा दिली आणि ६० दिवस लक्ष ठेवलं. साध्या पावडरीच्या गटात शंभरातल्या ९ बाळांना संसर्ग झाला किंवा ती दगावली. जंतूंच्या गटात हे प्रमाण शंभरात ५.४ होतं. दगावलेली बाळं दोन्ही गटांत मोजकीच होती, त्यामुळे हा फायदा मुख्यतः आजार टळण्याचा. फरक इतका स्पष्ट होता की ठरवलेली संख्या पुरी होण्याआधीच प्रयोग थांबवला. सात दिवसांच्या मात्रेचा खर्च अगदी थोडा, साधारण एक डॉलर. २०१७ साली हे छापून आल्यावर जगभर बोलबाला झाला.

मग दुकानातली कुठलीही जंतूंची पुडी आणून सुनेच्या बाळाला द्यावी का? इथेच घोटाळा होतो. २०१५ साली आणखी एका भारतीय प्रयोगाचा निकाल आला होता. त्यात आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. कमी वजनाची १,३४० बाळं होती. जंतूंचं मिश्रण वेगळं होतं आणि ३० दिवस दिलं होतं. संसर्ग २१ टक्के कमी दिसला, पण तो फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. ओडिशाचा जंतू वेगळा, बाळं वेगळी. गव्हाच्या दोन वाणांना आपण एक समजत नाही, एकाला तांबेरा येतो आणि एकाला येत नाही. जंतूंचंही तसंच आहे. एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या पुडीवर छापता येत नाही.

शिवाय बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर धोकाही वेगळा. फार आधी जन्मलेल्या बाळांचं आतडं सडण्याचा एक भयंकर आजार असतो, तो प्रोबायोटिकने कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या, आईचं दूध मिळणाऱ्या बाळांसाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली म्हटलं. पण अमेरिकेत २०१४ साली अशाच एका बाळाला रुग्णालयात दिलेल्या पावडरीत बुरशी निघाली. सील न फोडलेल्या डब्यांतही ती होती. ते बाळ बुरशीच्या संसर्गाने गेलं. २०२३ साली आणखी एका बाळाच्या रक्तात पुडीतलाच जंतू शिरला आणि ते दगावलं, तेव्हा तिथल्या सरकारी औषध खात्याने रुग्णालयांना सावधगिरीची सूचना पाठवली. तेव्हा असं बाळ घरी असेल तर शेजारणीच्या, मेडिकलवाल्याच्या किंवा माझ्याही सांगण्यावरून काही देऊ नका. कॅन्सरची औषधं चालू असलेली, अतिदक्षता विभागातून आलेली, प्रतिकारशक्ती फार कमी झालेली माणसं, यांच्याबाबतीतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. धडधाकट माणसाला या पुड्यांनी सहसा पोट फुगण्यापलीकडे त्रास होत नाही. अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब टाळायला काही जातींचा उपयोग होतो, हेही खरं आहे.

जुलाब झालेल्या मुलासाठी पैसे मोजायचे तर आधी कशाचे, याचं उत्तर मात्र १९७१ सालीच मिळालं. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या छावणीत निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा मोजून पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातूनच पाजायला लावलं. शंभरात तीस जण मरत होते, ते चारांच्याही खाली आले. तीच आपली ओआरएसची पुडी. आशाताईकडे ती फुकट मिळते आणि झिंकच्या गोळ्याही. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायच्या. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. मूल सुस्त झालं, पाणी पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखाना.

घरच्या दह्याबद्दल हमखास विचारतात. दही चांगलं अन्न आहे, सहा महिन्यांनंतर मऊ भाताबरोबर बाळालाही चालतं. पण सासूबाईंच्या विरजणात कोणते जंतू, किती, ते घराघरात निराळं, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. सहा महिन्यांच्या आत दही नको, घुटी नको, मधाचं बोटही नको.

आणि डॉक्टरांनी पुडी लिहून दिलीच, तर पाकीट वाचा. २०११ साली आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने जंतू घातलेल्या खाद्यपदार्थांसाठी नियमावली केली. त्यात जंतूचं वाणासकट पूर्ण नाव, मुदत संपण्याच्या दिवशीही त्यातले किती जिवंत असतील तो आकडा, आणि कुठे ठेवायचं ते पाकिटावर असावं असं म्हटलंय. औषधाच्या पुडीकडूनही आपण एवढी अपेक्षा करायला हरकत नाही. काही पुड्या थंड जागीच ठेवाव्या लागतात, उन्हात तापलेल्या दुकानातून आणल्या तर आत काय उरलंय कोण जाणे. पुडी कढत दुधात किंवा पाण्यात घालू नका. कढत दुधात विरजण लावलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.